कागदाचा कोट

प्रिय देशुन,

तुझा गुडघा कसा आहे? तिकडची थंडी त्याला मानवली, की जिना उतरताना अजून सगळ्या जगाला शिव्या घालतोस? वहिनींचा रक्तदाब आटोक्यात आहे ना? लोणच्याचं मीठ कमी करा म्हणावं, ऐकणार नाहीतच म्हणा. लेकाची पाठ बरी आहे का? सूनबाई यालिनला नोकरी लागली हे ऐकून बरं वाटलं. पोर गुणाची आहे. या पत्रात तिच्याकडेच माझं काम आहे, पण ते शेवटी सांगतो.

इथे मी धडधाकट आहे. आमची ही, ग्वेइजेन, मात्र धड जेवत नाही. भात वाढते, समोर बसते, तिचा वाडगा तसाच राहतो. रविवारी सकाळी, नातीच्या, नोराच्या, फोनच्या वेळेला, उठून गॅलरीत जाते आणि वाळलेले कपडे पुन्हा वाळत घालते.

आमची लेक श्याओमान गेल्यावर जावई ग्रेग तिच्या अस्थी घेऊन इथवर आला होता, तुला आठवत असेल. भला माणूस. त्याला आपली भाषा येत नाही, नोराला तर मुळीच नाही. तेव्हाच मी मनाशी ठरवलं, इंग्रजी शिकायचं. नातीला तिच्या आईबद्दल सांगायला आपल्याशिवाय आहे कोण?

आता माझी अक्कल बघ. कारखान्याच्या रात्रशाळेत आपण अक्षरं कशी शिकलो? एकेक घोटून. पुरेशी घोटली आणि एक दिवस वर्तमानपत्र आपोआप वाचता आलं. मला वाटलं, इंग्रजीचंही तेच असणार, जितके अवघड शब्द तितकं मोठं दार उघडणार. परदेशी शिकायला जाणारी मुलं वापरतात तो शब्दांचा जाडजूड ग्रंथ आणला. दुकानातली मुलगी हसून म्हणाली, "आजोबा, एवढं पाठ केलंत तर तिकडचे प्राध्यापकही तुमच्यापुढे गप्प बसतील." ग्वेइजेन म्हणाली, "अहो, पोरीला 'जेवलीस का' विचारायला एवढा ग्रंथ? मेल्यावर यमाच्या दारी मुलाखत द्यायचीय का?" मी रोज पहाटे तळ्याकाठी, इंग्रजीचे पाठ म्हणणाऱ्या विद्यार्थ्यांच्या रांगेत उभा राहून मोठ्यानं घोकायचो. पावसानंतर मातीला येणाऱ्या वासाला त्यांच्यात वेगळा शब्द आहे. माणसाला खिडकीबाहेर फेकून देण्यालासुद्धा आहे! पण नोरा फोनच्या पडद्यावर पडलेला दात दाखवून काही सांगू लागली की मला तिचं एक वाक्य कळायचं नाही. मी माझ्या पोतडीतला एखादा भारदस्त शब्द काढायचो, ती खदखदून हसायची. वाटायचं, हसतेय ना, चाललंय ते बरंच आहे.

मग चिंगमिंग आला, थडगी झाडायचा दिवस. म्हटलं, लेकीनं आईला भेटायला नको का? नोराला फोनच्या पडद्यावर घेऊनच टेकडीवरच्या थडग्याशी गेलो. ग्वेइजेननं संत्री मांडली. श्याओमानला थंडी सोसायची नाही, म्हणून कागदाचा लाल कोट आणला होता, चांगला गुडघ्यापर्यंतचा, बटणंबिटणं लावलेला. कागदाचं जाळलं की गेलेल्या माणसाला पोचतं, आपल्याला त्यात काय नवल? मी फोन समोर धरला आणि कोट पेटवला.

देशुन, पोरीच्या आईचा अगदी तसाच एक लाल कोट होता. नोराला तो ओळखता आला. ज्वाळेत बाही वर उचलली गेली, शेजारी आजी छाती पिटून रडत होती, आणि पोर किंचाळली. "ममा, ममा" एवढंच मला कळलं. मी समजावायला गेलो. पूर्वज, परंपरा, शोक, मरणोत्तर, सगळे मोठमोठे शब्द बाहेर पडले, एकही हसण्यासारखा नव्हता. 'कागद' हा शब्द मला पहिल्या आठवड्यापासून येत होता. तेवढाच सुचला नाही. फोन बंद झाला.

ग्रेगनं नंतर लिहिलं. शिव्या दिल्या असत्या तर बरं वाटलं असतं. पोर झोपेतून दचकून उठते, आजोबा आईला जाळतात असं म्हणते, तेव्हा सध्या फोन नको. 'सध्या' म्हणजे किती हे मी विचारलं नाही. शब्दांचा ग्रंथ रद्दीवाल्याला देऊन टाकला. या वयात जीभ वळत नाही रे, पालथ्या घड्यावर पाणी ओतत होतो. आता पहाटे जाग येते आणि जायला कुठे ठिकाण नसतं. ग्वेइजेन मला दोष देत नाही, तेच सोसवत नाही. एक लेक गेली होती, आता तिची लेकही माझ्याच हातानं गेली.

म्हणून हे पत्र. फोनवर मला हे बोलता आलं नसतं. ग्रेग राहतो तुमच्याच देशात, त्याचा पत्ता मागे लिहिला आहे. आधी त्याला विचार, तो हो म्हणाला तरच यालिनला नोराकडे पाठव. तिला इंग्रजी बोलता येतं, आणि ती आईच्या वयाची आहे. तिनं साधा कागद घेऊन जावा, पोरीसमोर त्याचा कोट कापावा, पोरीच्या हातात द्यावा. मग सांगावं, तो असा होता, कागदाचा. आजोबांनी आईला काही केलं नाही. आई गेली तिकडे थंडी असेल म्हणून पाठवला, एवढंच. आणि पोर भ्यायली तर कात्री लगेच ठेवून द्यावी, माझं नावही काढू नये.

पोर काय म्हणाली ते लवकर कळव. वाईट असलं तरी कळव.

तुझाच,
चू वेनहाय