रेघेपुढचं साल

२ जून २०२५, सोमवार. अड्यार

देवाच्या कृपेने जागा मिळाली, आणि तीही ग्रंथालयाला लागून! एकोणपन्नासाव्या वर्षी गावच्या कॉलेजातून अभ्यासरजा काढून ग्रंथालयशास्त्रात पीएच.डी. करायला मद्रास गाठणाऱ्या ग्रंथपालाला याहून काय हवं? विषय आहे तंजावरी मराठी घराण्यांचे खासगी ग्रंथसंग्रह. या घरातला संग्रह त्यातलाच एक, सुमारे तीन हजार पुस्तकं आणि वह्या. माझी खाट कपाटांशेजारीच आहे. सकाळी जपाला बसलो की जुन्या कागदाचा वास येतो, तो मला उदबत्तीइतकाच आवडतो.

घरात दोघंच. अन्नपूर्णाबाई, वय चौऱ्याऐंशी, आणि त्यांचा नातू रघुराम, तेहतीस वर्षांचा. तो इरुंगाट्टुकोट्टैला मोटारीच्या सुट्या भागांच्या कारखान्यात इंजिनिअर आहे. बाईंचं मराठी जुन्या पत्रांतल्यासारखं. प्रवासात श्रम फार झाले की काय, असं त्यांनी विचारलं आणि कॉफीचा पेला पुढे केला. रघुराम आजीशी मराठीत, फोनवर तमिळमध्ये आणि माझ्याशी दोन्हीच्या मिसळीत बोलतो.

५ जून, गुरुवार

आज या घरची रीत समजली. शोधप्रबंधात तिच्यावर एक प्रकरण सहज होईल.

कॅटलॉगच्या कार्डावर आम्ही लेखकाच्या नावापुढे जन्मसाल लिहितो आणि मग एक आडवी रेघ ओढतो. माणूस हयात असेतो रेघेपुढची जागा मोकळी राहते. या घरात प्रत्येकाने हाताने लिहिलेलं काहीतरी ग्रंथालयाला द्यायचं असतं, निदान लोणच्यांची वही तरी. म्हणून प्रत्येकाचं कार्ड आहे. माणूस गेला की तेराव्यानंतर घरातली वडील बाई ते साल भरते. दुसऱ्या कुणी भरायचं नाही.

मीही माझ्या संशोधनाचा आराखडा दिला. बाईंनी कार्ड केलं : उमाकांत, १९७६–.

रघुराम म्हणाला, "सार, आता तुम्ही आमचेच. पण नोंद पूर्ण करायची घाई नको हां!" बाईंनी त्याला हातातलं फडकं फेकून मारलं. तो खो-खो हसत जिना उतरला.

११ जून, बुधवार

'त'च्या खणात एकाच नावाची दोन कार्डं सापडली. दोन्हींवर 'तुळजाजी दत्ताजी', दोन्हींवर 'स्फुट कविता, एक वही'. पहिल्यावर १९३१–२००९. दुसऱ्यावर जन्मसाल नाही, नुसती रेघ. हे बाईंचे यजमान. एकाच माणसाची दोन कार्डं होणं नेहमीचंच. बाईंना विचारणार होतो, पण त्या यजमानांचं नाव तोंडाने घेत नाहीत. म्हाताऱ्या माणसाला कशाला अवघडवायचं? दुसऱ्या कार्डावरही मीच २००९ घातलं आणि दोन्ही कार्डं टाचणीने एकत्र लावली.

वही मात्र उघडून पाहिली नाही. दुसऱ्या कार्डावरची शाई तेवढी नवी वाटली.

१२ जून, गुरुवार

सकाळी कॉफीला खाली गेलो. देवघराशेजारी शाळेच्या गणवेशातल्या एका मुलाचा फोटो आणि त्याला चंदनाचा हार. काल ही भिंत रिकामी होती. मी रघुरामबद्दल विचारलं. बाईंनी हातातला पेला खाली ठेवला. मग शांतपणे म्हणाल्या की त्याला जाऊन सोळा वर्षं झाली, बारावीत होता, तापाने गेला, आणि त्याचं नाव मला कुणी सांगितलं?

दारात त्याची मोटारसायकल नाही. मोरीत दाढीचं सामान नाही.

फोटोखाली नाव होतं : चि. तुळजाजी दत्ताजी. बाई म्हणाल्या, आमच्यांत नातवाला आजोबांचं नाव ठेवतात. ते यजमानांचंही नाव; बाईंच्या तोंडी कसं यावं? म्हणून हाक मारायला रघुराम.

वर येऊन ती वही उघडली. शाळकरी अक्षर. शेवटच्या पानावर क्रिकेटचा धावफलक.

मी काय केलं हे! देवा, मी काय केलं—

दुपारी चार. शाळेत चुकलेलं अक्षर खरवडायचो तसं ब्लेडने खरवडलं. साल निघालं. रेघ राहिली.

१३ जून, शुक्रवार

खालून हसण्याचा आवाज! फोटो नाही. रघुराम उपमा खातोय, मीठ कमी म्हणून आजीला चिडवतोय. मी भरल्या डोळ्यांनी दारात उभा राहिलो. हाक मारली.

त्याने मान वर केली नाही. मी तिथे नसल्यासारख्या बाई माझ्या अंगावरून स्वयंपाकघरात गेल्या. दोनच पानं मांडलेली. रघुराम म्हणत होता, आज्जी, वरची खोली रिकामीच पडलीय, कुणी विद्यार्थी पाहू या का?

वर आलो. माझं कार्ड काढलं.

उमाकांत, १९७६–२००९. अक्षर माझंच.

१४ जून, शनिवार

घरी फोन केला. शरण्या, माझी लेक, तेरा वर्षांची. सोमवारी तिची शाळा सुरू व्हायची आहे. फोन बायकोने उचलला. कोण बोलतंय विचारलं. मी नाव सांगितलं. ती म्हणाली, अशी थट्टा करू नका, त्यांना जाऊन सोळा वर्षं झाली. मी म्हटलं, शरण्याला दे.

कोण शरण्या, म्हणाली.

शरण्याचा जन्म २०१२ चा.

जप होत नाही. मणी मोजतो, आकडा हरवतो.

माझं साल खरवडू? पण खरवडलेलं साल दुसऱ्या मोकळ्या रेघेवर जाऊन बसतं, ते आता कळलंय. खणात आणखी एकशे चार मोकळ्या रेघा आहेत. कुणाची तरी लेक, कुणाचा तरी— नाही.

रघुरामच्या कार्डावरून काढलं, परत तिथेच घालायचं. तेवढाच एक मार्ग. चार आकडे.

१५ जून, रविवार

त्याचं कार्ड समोर. पेन हातात.

जेवलो नाही. भूकही नाही.

शरण्याचा आवाज आठवतो. चेहरा— कपाळावर खूण होती. डावीकडे की—

दोन लिहिला.

खाली रघुराम बाईंना डोळ्यांत औषध घालतोय. मान वर करा आज्जी, म्हणतोय, हलू नका. त्या त्याला शिव्या देताहेत, हसताहेत.

शून्य लिहिलं.

देवा, तूच हात धर. एक तर थांबव, नाहीतर—

शरण्या. शरण्या. नाव लिहीत राहिलो की राहील. शरण्या, जन्म २०१२, कपाळावर

तो जिन्याने वर येतोय. गुणगुणतोय. दुसरं शून्य अर्धं झालंय, फक्त वाटोळं पुरं करायचं, मग नऊ, मग शर