बांगड्यांचा वाटा

१२ डिसेंबर

लिहायला उशीर झाला, चार दिवस पान कोरंच राहिलं — वहीबाई, रागावू नकोस. जीव थाऱ्यावर नव्हता.

सृष्टीच्या कॉलेजात नवंच काहीतरी. चार मुलांनी मिळून प्रकल्प करायचा — देवबागच्या किनाऱ्याला लागणारा कचरा — आणि मार्क सर एकटेच देणार नाहीत, मुलांनीही एकमेकांना द्यायचे! माझ्या नातीने एकटीने किनारा पालथा घातला, एकटीने सगळं लिहिलं. आणि तिघांनी तिला दिले दहापैकी चार! आरिफाने तर तोंडावर सांगितलं, "तू कोणाक हातच लावूक देत नाय."

सृष्टी जेवली नाही. "आजो, माका त्या कॉलेजात जावचाच नाय."

माझी शाळा चौथीत सुटली. हिचीही सुटली तर?

१४ डिसेंबर

रापणीला, किनाऱ्यावरून सगळ्यांनी मिळून ओढायच्या जाळ्याला, बांगडा बरा लागला. दोरीला हात लावला की वाटा मिळतो. मलाही मिळाला — या वयात मी ओढतो कसला, नुसता धरतो! त्यातले मोठे मोठे निवडून समदच्या घरी दिले. समद आरिफाचा आजा, माझा जुना सोबती. तो घरी नव्हता. त्याच्या सुनेला, सलीमाला, निघताना म्हटलं, "आमच्या चेडवाच्या मार्कांचा तेवढा बघा हां."

बरं केलं की वाईट?

१५ डिसेंबर

वाईट केलं! समद सकाळीच आमच्या दारापुढच्या खळ्यात हजर. हसून हसून ठसका लागला त्याला. "काय रे लवू, बांगडे घालून मार्क वाढतत काय? मगे सुरमई दिलंस तर पोरगी पयलीच येतली!"

सृष्टी दारातच उभी. तोंड लाल. "आजो, माका तोंड दाखवूक जागा ठेवलंस नाय!" चपला घातल्या आणि गेली. कुठे, ते विचारायची हिंमत झाली नाही.

दुपार कलल्यावर आली. आरिफाकडे माफी मागायला गेली होती. सलीमाने जेवल्याशिवाय सोडलं नाही — माझेच बांगडे! सृष्टी म्हणाली, "आरिफा म्हणता, तुझो आजो दोरी नुसती धरता, तरी तेका वाटा गावता. आमका तू दोरीच देत नाय."



१८ डिसेंबर

चौघंही आमच्या खळ्यात. त्यांच्यातल्या सर्वेशने कचऱ्याचे किती फोटो काढलेत — आमच्या सृष्टीबाईने ते कधी बघितलेच नव्हते! लोकांसमोर बोलायचं काम आरिफाकडे दिलं. सृष्टी सारखी मध्ये तोंड घालायला जाते आणि ओठ चावून गप्प बसते. मला हसू आवरत नव्हतं. चहा दिला सगळ्यांना.

४ जानेवारी

पुन्हा मार्क दिले. आठ!

"दोन खंय गेले गो?"

"आजो, तू गप रव." पण हसली.

९ जानेवारी

प्रकल्प कोल्हापूरच्या स्पर्धेसाठी निवडला. बोलायला एकानेच जायचं, म्हणून चौघांनी मतं घेतली. तीन आरिफाला, एक सृष्टीला. ते एक आरिफाचं!

पोर सरांबरोबर सकाळच्या एसटीने गेली. घाटाची वळणं, त्यात ही थंडी. समद खुशाल झोपलाय, मला चैन नाही. आरिफा, पोचलंस काय लगेच फोन कर गो बाय.