सत्कार झाला, बोट नाही

४ सप्टेंबर १९५७, मुलुंड
गणपतीच्या मांडवात ह्यांचा सत्कार. शाल, श्रीफळ, हार. विक्रोळीच्या कारखान्यातला ड्राफ्ट्समन दोन वर्षं जर्मनीला शिकायला जाणार, आळीला केवढं कौतुक. अजून सरकारची परकीय चलनाची परवानगी यायचीय, पण उत्सवाचे सेक्रेटरी लेलेमास्तर म्हणाले, "मांडव घातलेलाच आहे, निरोप उरकून घेऊ." मीही टाळ्या वाजवल्या. मनात महिने मोजले, चोवीस.

२० सप्टें.
परवानगी नाकारली. देशात परकीय चलनाचा खडखडाट. आहे ते धान्याला, यंत्रांना. हे जेवले नाहीत. मला बरं वाटलं. लाज वाटली, तरी बरंच वाटलं.

२८ सप्टें.
हे आता बाजारातून येत नाहीत, तळ्यामागून वळसा घालतात. भाजीवालीसुद्धा विचारते, "साहेब गेले नाय अजून?" लेलेमास्तर दारात येऊन, "जाणार ना नक्की? नाही, हार घातलाय आपण." शाल ट्रंकेच्या तळाशी गेली. काल आमटीवरून माझ्यावर ओरडले. मीठ बरोबर होतं.

५ ऑक्टो.
दुसऱ्यांदा पाळी चुकली. लग्नाला सहा वर्षं झाल्यावर! उद्या रविवार, निवांत सांगते. आता कुठे जायचेत हे?

८ ऑक्टो.
रविवारी नणंद आली, राहिलंच. आज जर्मनीहून पत्र. राहण्याजेवणाचा खर्च तिकडचा कारखाना करणार, इथलं चलन लागायचं नाही. होकार लवकर कळवा. ह्यांनी वाचलं, सासूबाईंच्या पाया पडले, ट्रंकेतून शाल काढली.
आता सांगितलं तर जायचे नाहीत, ओळखते मी. आणि राहिले तर जन्मभर तळ्यामागून येतील.

१० ऑक्टो.
फोडणीच्या वासाने मळमळलं, मोरीत धावले. बाहेर आले तर सासूबाई लिंबू चिरून उभ्या.
"कितवा?"
"तिसरा लागला."
त्यांनी लिंबावर मीठ भुरभुरलं. मग, "बोट सुटू दे गं, मग पत्राने कळव. मी आहे ना."
रागच आला त्यांचा. लिंबू मात्र चोखलं.

१४ ऑक्टो., सकाळ
ह्यांना कारखान्याकडून रजेचा कागद मिळाला. काल हे बाजारातून आले, ताठ मानेने, हातात मेथीची जुडी. लेलेमास्तर पुन्हा हार घालणार म्हणे. होकाराचं पत्र टेबलावर आहे. पाकिटावर पत्ता मी लिहायचा, माझं अक्षर चांगलं म्हणून. कामावर जाताना हे पेटीत टाकणार.
मोरीपाशी दाढी चाललीय, शीळ वाजवत. दाढी होईपर्यंत काय ते ठरवायचं. पत्त्याची पहिली ओळ लिहून झाली.