नेरूळच्या सभेत वर गेलेला हात

ती. सिताराम काका यांना रोहनचा नेरूळहून सविनय जयभीम.

मी इथं बरा आहे. तुमचा गुडघा कसा आहे, आणि तुम्ही ओरडता म्हणून काकूनं तेल चोळायचं सोडलं का, तेवढं कळवा. फोन केला असता, पण घरचा फोन बाबा उचलतात आणि स्पीकरवर टाकून अख्ख्या गल्लीला ऐकवतात. म्हणून पत्र. (अक्षराला हसू नका. शाळा सुटल्यावर पेन हातात धरलं ते इथंच, सोसायटीच्या गेटवर गाड्यांचे नंबर लिहायला.) बाबांना हे दाखवू नका. पुण्याची बेकरी सोडली, सुरतेचं दुकान सोडलं, तेव्हा त्यांनी घातलेली अट तुम्हाला ठाऊक आहे: ही वॉचमनकी वर्षभर टिकव, नाहीतर उंबरा चढू नकोस.

तर काका, तुमच्यामुळं मला सभेत हात वर करायची खोड लागलेली आहे. आपली ग्रामसभा मला अजून दिसते. पंचायतीच्या ओट्यावर सतरंजी, ग्रामसेवकाचा घोगरा आवाज, आणि तुमच्या शेजारी मी, शेवटी मिळणाऱ्या गूळ-शेंगदाण्यावर नजर ठेवून. कुणी मोरीचा विषय मांडो, कुणी हापशाचा, "अनुमोदन कोण देतंय?" म्हटलं की सगळा गाव सतरंजीची वीण बघायला लागायचा आणि तुमचा हात वर जायचा. बाबा चिडवायचे, "सिताराम, उद्या कुणी गाव विकायचा ठराव आणला तरी तू हात वर करशील." तुम्ही म्हणायचात, "माणूस उठून आपलं दुखणं सांगतो आन् त्याच्या बाजूनं एक बी हात वर होत नाही, हे मला बघवत नाही." मग तुमच्या वाटणीचा गूळही मलाच मिळायचा. इथं रोज मॉलसमोरून जातो, पण तशी गोष्ट तिथं विकायला नाही.

आमच्या बिल्डिंगच्या कोपऱ्यावर सरकारी नळ आहे, नळाशेजारी गिरजाबाई. बाई आपल्या जालन्याकडची. चहा, भाकरी, ठेचा विकते. रिक्षावाले, गवंडी, आम्ही वॉचमन लोक, सगळे तिथंच जेवतो आणि नळावर हात धुतो. नळ आहे म्हणून तिचा धंदा आहे. मला ती काकूसारखीच ओरडते: "रोहन्या, भाकरी हातानं मोड, चमचा कशाला पायजे तुला?" या शहरात मला रोहन्या म्हणणारी ती एकटीच.

काल वॉर्डातल्या लोकांच्या तक्रारी ऐकायची सभा होती. आमचे सेक्रेटरी निशांत साहेब मला खुर्च्या धरायला घेऊन गेले. (इथं सतरंजी नाही. खुर्च्यांवर रुमाल ठेवून जागा धरतात, आपल्याकडं एसटीत धरतात तशा.) पहिल्या उठल्या शर्मिला मॅडम. रस्त्यावरच्या कुत्र्यांना बागेपाशी खायला घालायला जागा द्या, म्हणाल्या. स्टेजवरच्या साहेबांनी विचारलं, याला कुणाचा पाठिंबा आहे का. हॉल गप्प. सगळे मोबाईल बघायला लागले आणि काका, माझा हात आपोआप वर गेला. "अनुमोदन," मी म्हटलं. क्लार्कनं नाव विचारून लिहून घेतलं. मग अहमद चाचा काठी टेकत उठले. कुत्री बागेपासून लांब न्या, माझ्या काठीमागं लागतात, म्हणाले. पुन्हा हॉल गप्प. पुन्हा माझा हात. साहेब म्हणाले, "अहो, तुम्ही आत्ताच तर..." मी म्हटलं, त्यांचंही खरं आहे. पुढं कबुतरांना दाणे टाका, टाकू नका. धूर फवारा, फवारू नका. सगळ्यांना अनुमोदक मीच. लोक तर बोलायला उठले की आधी माझ्याकडं बघायला लागले. मला तर आपल्या ओट्यावरच बसल्यासारखं झालं. फक्त गूळ नव्हता.

तेवढ्यात निशांत साहेब उठले. कोपऱ्यावरचा नळ काढून टाका, चिखल होतो, नको ती माणसं जमतात. हॉल गप्प. आणि मला कळेपर्यंत माझा हात वर. मागं वळलो तर दारापाशी गिरजाबाई उभी. ठेवणीतलं लुगडं नेसून आली होती. नुसती माझ्या हाताकडं बघत राहिली.

पण तुमचंच शिकवलेलं आठवलं: अनुमोदन मागं घ्यायचं नसतं, उपसूचना मांडायची असते. उठलो. म्हटलं, नळ काढावा, खाली ओटा आणि मोरी बांधावी, आणि नळ जिथल्या तिथं परत बसवावा. स्टेजवरचे साहेब म्हणाले, मग काढायचा कशाला? मी म्हटलं, निशांत साहेबांचा चिखल जाईल. (निशांत साहेबांनी माझ्याकडं असं बघितलं, जसा मी एन्ट्री न करता आत आलोय.) "पाठिंबा?" साहेबांनी विचारलं. हॉल गप्प.

काका, बसून हात वर करणं सोपं. उभ्या माणसाला ती शांतता केवढी मोठी लागते, ते मला तेव्हा कळलं.

मग शर्मिला मॅडमचा हात वर गेला. पाठोपाठ अहमद चाचांची काठी. मग कबुतरवाले, दोन्ही बाजूंचे. ठराव पास. गिरजाबाईनं काल रात्री भाकरीवर तूप घातलं.

काकूला आणि आईला जयभीम सांगा.

तुमचा,
रोहन

ता.क. हे पत्र चार दिवस खिशातच राहिलं. ठरावाचा पहिला भाग फार लवकर अमलात आला. दुसऱ्या दिवशी सकाळीच नळ काढून नेला. ओटा आणि नळ परत बसवणं विचाराधीन आहे, असं कळतं.

आणखी एक ता.क. म्हणून मी सोसायटीच्या बागेतल्या नळाला पाइप लावून गिरजाबाईचा ड्रम भरून देत होतो. ते निशांत साहेबांनी पाहिलं. त्यामुळं मी सध्या वॉचमन नाही. (गिरजाबाईची काळजी करू नका. आता पाणी शर्मिला मॅडमकडून येतं. पाइप अहमद चाचा धरतात, आणि ड्रम भरेपर्यंत दोघं कुत्र्यांवरून भांडतात.)

शेवटचा ता.क. येत्या रविवारी जेवणाच्या वेळी मी दारात उभा राहून घरात यायचा विषय मांडणार आहे. बाबा बोलायचं ते बोलतील. आई ताटाकडं बघत बसेल. तुम्ही त्या दिवशी जेवायला आमच्याकडंच या. गुडघा दुखत असला तर उठू नका, हात बसल्या बसल्या वर केला तरी चालेल.