बीजगणित, दुसऱ्यांदा

पिंप्राळा, जळगाव
१९ जून २०२५

ती. योगराजभाऊंस,

नमस्कार. दरवेळी शिरसाष्टांग लिहिते, आज हात वळला नाही. नुसत्या नमस्कारावर भागवून घ्या.

इकडे सगळे बरे आहेत. वहिनींचे गुडघे कसे आहेत? ह्यांच्या बॅटरीच्या दुकानात मे महिनाभर उसंत नव्हती, आता जरा गर्दी ओसरली आहे. माझं फॉल-पिकोचं काम चालू आहे. डिंपल दहावीत गेली. मागच्या वर्षी तिची तब्येत बिघडली होती, त्यानंतर आता चांगली सावरली आहे.

परवा नवीनचा फोन आला. महिनाअखेरीला तुमची सेवापूर्ती, शिरपूरला हॉल ठरवला, जुने विद्यार्थी येणार, हे सगळं त्यानं सांगितलं. मग म्हणाला, "आत्या, तू चार शब्द बोलायचेत. पप्पांची घरातली विद्यार्थिनी तूच ना!" मी म्हटलं, बघते. तेवढ्यात मागून तुमचा आवाज आला. "तिला सांग, डिंपलला कपड्यांसकट घेऊन ये. आता मी मोकळाच आहे. वर्षभर इथं ठेवू, गणित करून घेतो तिचं."

फोन स्पीकरवर होता. ह्यांना, कुंदनरावांना, तर आनंदच झाला. "भाऊ स्वतःहून म्हणतायत, अजून काय पाहिजे?" डिंपल ताटावरून उठली आणि गच्चीवर गेली.

तुमच्यासमोर माझी जीभ उचलत नाही, ते तुम्हालाही ठाऊक आहे. म्हणून लिहिते आहे. हे मधे थांबवून बाजूला ठेवू नका, शेवटपर्यंत वाचा.

आधी माझ्या निकालाचं बोलू. मे महिन्यात मी तुम्हाला फोन केला होता. बाहेरून दहावी दिली, पास झाले, गणितातसुद्धा, असं सांगितलं. एका दमात सांगितलं, कारण मधे थांबले असते तर रडू आलं असतं. तुम्ही काय म्हणालात, आठवतं? "चला, बरं झालं. आता पेपर सोपेच काढतात." आणि लगेच विचारलंत, केळीला काय भाव चालू आहे तिकडं.

केळीला भाव! भाऊ, माझ्याकडं केळीचं एक झाड नाही.

मी त्या अभ्यासाला कशी जात होते ते तुम्ही विचारलं नाही, म्हणून सांगते. इथल्या एका महिला कॉलेजात संध्याकाळी वर्ग चालतो. दहावी राहून गेलेल्या बायकांसाठी. अभ्यासक्रम बदलल्यामुळं मला सगळेच विषय पुन्हा द्यावे लागले. बाकीच्या विषयांची धास्ती नव्हती. बीजगणिताच्या पहिल्या दिवशी मात्र कॉलेजच्या गेटातून मी स्कूटी परत फिरवली होती. सुनंदाबाई म्हणून अंगणवाडीतल्या मदतनीस आहेत, वयानं माझ्याहून मोठ्या, त्या तिथं उभ्या होत्या. म्हणाल्या, "कथी चालनी व? मी पन भ्याई राहिनू, चाल, दोन्ही जनी मांगे बठूत." आणि हात धरून आत घेऊन गेल्या.

शिकवायला पुनम मॅडम. वयानं आपल्या नवीनएवढ्या. त्यांनी फळ्यावर समीकरण लिहिलं आणि विचारलं, कुणाला काही विचारायचंय? माझा हात वर गेला. कसा गेला, मला कळलं नाही. मी विचारलं, "मॅडम, एक्स म्हणजे काय? अक्षर आहे तर त्याची बेरीज कशी होते?"

कुणी हसलं नाही. मॅडमही हसल्या नाहीत. म्हणाल्या, "ज्या संख्येची किंमत आपल्याला अजून माहीत नाही, तिला दिलेलं नाव. घरात नवीन बाळ आलं की बारसं होईपर्यंत आपण त्याला बाळ म्हणतो, तसं. आहे ती संख्याच. म्हणून बेरीजही होते."

झालं. एवढंच होतं ते.

आनंद झाला असं वाटेल तुम्हाला. नाही झाला. वर्ग सुटल्यावर मी स्कूटीजवळ उभी राहिले आणि सीटवर बुक्क्या मारल्या. सुनंदाबाई घाबरल्या. एवढं सांगायला कितीसा वेळ लागतो, भाऊ? मी तुम्हाला हाच प्रश्न विचारला होता.

विसरला असाल. मी सांगते. दहावी 'ब'चा वर्ग. तुम्ही वर्गावर होतात, आणि शाळेत तुम्हाला भाऊ म्हणायचं नाही अशी तुमची ताकीद, म्हणून मी "सर" म्हणूनच उठले. विचारलं, "सर, एक्स म्हणजे काय?" तुम्ही मला फळ्याजवळ बोलावलंत. माझ्या डोक्यावर खडू ठेवलात आणि म्हणालात, "एक्स म्हणजे हे. काढा रे पोरांनो किंमत." आणि मागच्या बाकांवरून आलं, "शून्य!" तुम्ही हसलात. तुम्ही हसलात म्हणून मग सगळा वर्ग हसला.

त्या दिवसापासून गावात मी शून्याबाई. विहिरीवर, दळणाला गेले की, शेवंताबाईच्या मुलाच्या लग्नात. माझ्या लग्नात तर तुम्हीच कुंदनरावांच्या मित्रांना तो किस्सा सांगितलात, मी शालू नेसून शेजारी बसलेली असताना. तेही हसले. नवरी होते, मीही हसले.

मला पुन्हा हात वर करता आला नाही. बीजगणितात मी नापास झाले, फक्त बीजगणितात. ओसरीवर आबांनी तुम्हाला विचारलं होतं, "पोरले परत बसाडूत का?" मी दाराआड होते. तुम्ही म्हणालात, "राहू द्या आबा, तिना डोकामा काही जात नही." आबांसाठी तुमचा शब्द म्हणजे शेवटचा. शिकलेला मुलगा, गणिताचा मास्तर. त्याच उन्हाळ्यात माझं लग्न लावून दिलं.

मला विंचू चावला होता तेव्हा सायकलवर बसवून, भर उन्हात, पायडल तुटेस्तोवर मारत मला दवाखान्यात नेणारे तुम्हीच. सुई टोचताना माझ्याआधी तुमच्या डोळ्यांत पाणी आलं होतं. तो माणूस आणि खडू ठेवणारा माणूस एकच, हे मी आयुष्यभर जुळवायला बघते आहे. जुळत नाही. म्हणून इतकी वर्षं गप्प राहिले, माझ्यापुरतं गिळून टाकलं.

गिळलेलं राहिलंही असतं. पण आता डिंपलचं सांगते.

तिला कावीळ झाली होती असं मी सगळ्यांना सांगितलं होतं. कावीळ नव्हती.

आठवीची वार्षिक परीक्षा चालू होती. गणिताच्या पेपराला म्हणून ती सकाळी गणवेश घालून निघाली आणि शाळेत गेलीच नाही. बाईंचा फोन आला तेव्हा मी मशीनवर होते. आम्ही दोघांनी अख्खं जळगाव पालथं घातलं. मेहरूणच्या तलावावर गेलो, भाऊ. तिथं पाण्याकडं बघत मी कशी उभी राहिले ते माझं मला माहीत. दुपार टळल्यावर अनोळखी नंबरवरून फोन आला. धुळ्याच्या स्टँडवरून. सुंदरबाई नावाची एक शेंगा विकणारी बाई बोलत होती. "तुनी पोर आठे शे, माय. सकायपाईन बाकवर बठेल शे, काही खाई नही राहिनी. मन्हाजोडे बसाडी शे. ये, पन तिले मारू नको."

धुळ्यापर्यंत आम्ही कसे पोचलो आठवत नाही. सुंदरबाईच्या टोपलीशेजारी पोर बसली होती, मांडीत शेंगांची टरफलं. मला बघितलं आणि म्हणाली, "आई, मला गणिताचा पेपर नको."

दोन दिवसांनी, मी तिचे केस विंचरत असताना तिनं कारण सांगितलं. दिवाळीच्या सुट्टीत तुमच्याकडं राहिली होती ना? तुमच्या शिकवणीतल्या पोरांसमोर तिला एक उदाहरण आलं नाही. तुम्ही म्हणालात, "आईवर गेली. शून्यातून शून्यच निघणार." आणि मग शून्याबाईचा किस्सा सगळ्यांना सांगितलात.

माझ्या पोरीला माझं ते नाव तुमच्याकडून कळलं.

ती मला म्हणाली, "आई, खरंच तुला येत नव्हतं? मग मला कसं येईल?" मी तुमच्यावर चिडले, आबांवर चिडले, स्वतःवर चिडले, पण चिडून तिचं गणित सुटणार नव्हतं. म्हणून मी वर्गाला नाव घातलं. संध्याकाळी शिकून यायचं, रात्री भाकरी झाल्यावर ओट्याशी उभं राहून तिला सांगायचं. कधी मी चुकायचे, कधी ती. एकदा एका समीकरणावरून आम्ही इतक्या भांडलो की कुंदनराव दुकानातून पळत आले. कशावरून भांडण हे कळल्यावर ते खाली बसून हसले. आम्हीही हसलो. भाऊ, आमच्या घरात गणितावरून हसू यायला इतकी वर्षं लागली.

नववीत तिला बरे गुण पडले. पहिली नाही आली. तशी अपेक्षाही नाही. आता तिचाही हात वर जातो, एवढं मला पुरे.

आणि तुम्ही म्हणता, वर्षभर इथं ठेवू!

डिंपल येणार नाही. दहावीला नाही, सुट्टीलाही नाही. ती का पळाली होती, हे मी कुंदनरावांनाही सांगितलं नव्हतं. माहेरची लाज झाकायची सवय लागलेली. काल सांगितलं. त्यांनी ताट बाजूला सारलं. म्हणाले, "फोन मी करू का?" मी म्हटलं, नको, हे माझं आहे.

सेवापूर्तीला मी येणार नाही. नवीनला सांगा, आत्याला जमत नाही. स्टेजवर उभी राहिले तर मी खरं बोलेन, आणि वहिनींचा, नवीनचा दिवस मला खराब करायचा नाही. हॉलभर तुमचं कौतुक होईल. होऊ दे. कितीतरी मुलं तुमच्या हातून शिकली, ते मी नाकारत नाही. पण त्या हारांमध्ये माझा हार नसेल.

तुम्हाला माझ्याशी नातं ठेवायचं असेल, तर तुम्ही इथं या. एकटे या. डिंपलला समोर बसवा आणि सांगा, की मी तुझ्या आईला आणि तुला जे बोललो ते चूक होतं. माझी माफी मागू नका, मला आता तिचा उपयोग नाही. डिंपलसमोर म्हणा. मास्तर मुलीसमोर चूक कबूल करतो, हे तिनं एकदा बघितलं पाहिजे. येणार नसाल तर रक्षाबंधनाला माझी वाट बघू नका.

हे सगळं डिंपलनं वाचलं. "मामांना फार वाईट वाटेल गं," म्हणाली. पाकिटावर पत्ता तिनंच लिहिला आहे.

मी तुमची विद्यार्थिनी कधी झालेच नाही. बहीण अजून आहे. ती किती दिवस, ते आता तुमच्यावर.

नूतन