काजळीला कोणी चालवलं

प्रिय बडबडे,

आता तुला या नावाने कोणी हाक मारत नसेल. सगळे 'ताई' म्हणतात, पुढे-मागे फिरतात, तुझ्या खुर्चीसमोर पाण्याचा ग्लास झाकून ठेवतात. मी परवा पाहिलं ना! कुमार वक्तृत्व स्पर्धा, विषय 'मी आणि घोडा', वेळ पाच मिनिटं, अनुभव स्वतःचा किंवा घरातला, आणि मुख्य परीक्षक तू. मी शेवटच्या रांगेत होते. सोळा नंबरची मुलगी माझी. तू ज्या कागदावर सही केलीस, त्यावर तिच्या नावापुढे 'नक्कल, बाद' असं लिहिलंय. तेव्हा ख्यालीखुशाली विचारत बसत नाही.

माझं म्हणशील तर मी खोगिरं शिवते. बाजाराच्या मागच्या गल्लीत दुकान आहे, दुकान कसलं, एक टेबल, एक खिडकी आणि चामड्याचा वास. बोटांना घट्टे पडलेत. लेक शाळेतून आली की समोर बसून सुईत मेणदोरा ओवून देते आणि गोष्ट सांग म्हणून मागे लागते. मला सांगण्यासारखी एकच गोष्ट येते. काजळीची.

तुला आठवते का ती दुपार? तुला कशी आठवेल, तू नव्हतीसच. तुमच्या घरचे सगळे बाहेरगावी गेले होते, माझे बाबा तुमचे चार घोडे घेऊन प्रदर्शनाला गेले होते, आणि तबेल्यात मी, म्हातारा पहारेकरी आणि तुमची घोडी काजळी. चौदा वर्षांची होते मी. दोन वाजता तिने पोटाकडे मान वळवून पाहायला सुरुवात केली, मग पुढचा पाय आपटायला लागली, मग बसायला. मोतद्दाराची मुलगी मी, पोटशूळ मला कळत होता. पहारेकऱ्याला डॉक्टरकडे पिटाळलं आणि मी दोरी धरून तिला चालवत राहिले. ती बसू पाहायची, मी ओढायची, रडायची, शिव्या द्यायची, पुन्हा ओढायची. लोळली की आतडं पिळतं आणि घोडी हातची जाते, एवढंच डोक्यात होतं. दिवेलागणीला डॉक्टर आले तेव्हा माझे तळहात सोलून निघाले होते. काजळी जगली. बाबांनी परत आल्यावर आधी तिच्या पोटाला कान लावला, मग माझे हात पाहिले आणि तोंड फिरवून उभे राहिले.

हे सगळं मी तुला दाण्याच्या खोलीत पोत्यावर उभी राहून म्हणून दाखवलं होतं. याच स्पर्धेसाठी. एकदा नाही, रोज, आठवडाभर. कुठे थांबायचं, कुठे आवाज खाली आणायचा हे तूच शिकवलंस. मैत्रीण होतीस ना. आणि स्पर्धेच्या दिवशी तुझा नंबर चौथा, माझा पाचवा. तू उभी राहिलीस आणि माझी काजळी घेऊन गेलीस. वर तिचं डोकं मांडीवर घेतलंस, म्हणे दिवसभर थोपटत बसलीस! अगं, तशी बसली असतीस तर घोडी मेली असती. पण समोर परीक्षक म्हणून एक वकील, एक मुख्याध्यापक आणि एक कापडवाला. मांडीवरच्या डोक्याला टाळ्या पडल्या. मग माझं नाव पुकारलं. मी पाच मिनिटं उभी राहिले आणि घंटा वाजल्यावर खाली उतरले. बाबा दाराशी उभे होते. त्यांना सगळं कळलं होतं, पण नोकरी तुझ्या वडिलांची, आमची खोली तुझ्या वडिलांची. "पुढच्या वर्षी बोल हं," एवढंच म्हणाले. पुढच्या वर्षी मी नाव दिलं नाही. कधीच दिलं नाही.

एक कबुली देते, म्हणजे मी धुतल्या तांदळासारखी आहे असं तुला वाटायला नको. लेकीने हीच गोष्ट निवडली तेव्हा परीक्षक कोण हे मला ठाऊक होतं. मी तिला अडवू शकले असते. अडवलं नाही. तुला त्या खुर्चीत बसून ती ऐकावी लागेल, तुझा चेहरा मला पाहता येईल, याचा मला आनंद झाला होता. तुझी आणि माझी ती स्पर्धा झाली होती, हे मात्र मी तिला कधीच सांगितलं नव्हतं. लाज वाटायची. पोरीला मी डोळे बांधून पुढे केलं, ही चूक माझी.

ती छान बोलली. 'माझ्या आईने काजळीला चालवलं,' असं म्हणाली. मग तुमच्यातल्याच कोणीतरी कपाटातून सव्वीस वर्षांपूर्वीची विजेत्या भाषणांची पुस्तिका काढली. त्यात तुझं भाषण. घोडी तीच, नाव तेच. मांडीऐवजी चालवणं आलं, तर त्याला 'तपशील बदलून केलेली नक्कल' म्हणाले. तू चष्मा पुसत होतीस. एक वाक्य बोलायचं होतंस, बडबडे. जन्मभर बोलण्यावर नाव कमावलंस आणि तिथे मूग गिळून बसलीस.

बक्षिसासाठी लिहीत नाही. तुझी सही तुझ्यापाशी राहू दे, समितीला काही कळवू नकोस. त्या दिवशी लेकीने ती पुस्तिका मागून घरी आणली आणि दोनदा वाचली. मी तिला सगळं सांगितलं, तळहात दाखवले, पण त्यांवर आता सुईचेच घट्टे आहेत. बाबा नाहीत, डॉक्टर नाहीत, पहारेकरी तर कधीच गेला. तिने विचारलं, "मग तू तेव्हाच का बोलली नाहीस?" माझ्याकडे जे उत्तर होतं ते तिला पटलं नाही. काल ती माझ्याजवळ येऊन बसली, माझा हात हातात घेतला आणि अगदी हळू म्हणाली, "आई, तू ही गोष्ट ताईंचीच घेतलीस ना? खरं सांग, मी रागावणार नाही." आणि खरंच रागावलेली नाही गं. माझ्याशी फार प्रेमाने वागते आहे. तिने मला माफ करून टाकलंय. तिला दोन ओळी लिही. ती माफी मला सोसत नाही.

नाइलाजाने, पण तुझीच,
मोतद्दाराची मुलगी