तिसरा घटक

सात रस्ता, सोलापूर
मंगळवार, २४ जून २०२५

चि. सिद्धनाथ यास,
अक्काचे अनेक आशीर्वाद.

ज्वारीचं पोतं मिळालं. कंडक्टरने स्टँडवर नीट उतरवून ठेवलं होतं. दरवर्षीप्रमाणे निवडूनच पाठवलीस, मला आयतं दळणाला टाकायचं काम. माझ्या भावजयीचा, मायाक्काचा गुडघा कसा आहे? तिला म्हणावं, डॉक्टरांनी दिलेला पट्टा गुडघ्याला बांधायचा असतो, फडताळात घडी घालून ठेवायचा नसतो. इकडे आम्ही ठीक. पाणी पाच दिवसांआड येतं, त्यामुळे घरात माणसांपेक्षा बादल्या जास्त झाल्यात.

तू म्हणशील, अक्का फोन सोडून पत्र कशाला लिहायला लागली. फोनवर मी तुला एकदा एक गोष्ट सांगितली होती आणि तिचं पुढे काय झालं ते आपण पाहतोच आहोत. आता जे सांगायचं आहे ते कागदावर असलेलं बरं. म्हणजे कुणाला दाखवता येईल.

गेल्या आठवड्यात कॉलेजात परिपत्रक निघालं. एलएमएसवरून जुन्या मुलांची नावं तीस जूनच्या आत काढून टाका. एलएमएस म्हणजे कॉलेजचा अभ्यास मोबाइलवर मांडून ठेवायची जागा. धडे, व्हिडिओ, प्रश्न, गुण, सगळं तिथंच. माझा भूगोलाचा कोर्स तिथं कसा असेल, तुला न बघता कळेल. अक्काच्या घरात मिठाच्या बरणीवरसुद्धा 'मीठ' लिहिलंय म्हणून तूच हसत असतोस. पाच घटक, ओळीने मांडलेले, आणि प्रत्येकाला कुलूप. पहिला पुरा केल्याशिवाय दुसरा उघडत नाही, दुसऱ्याशिवाय तिसरा नाही. तू मेंढरं जाळीत घेताना एकेक मोजून आत सोडतोस, तसं. मला या मांडणीचा फार अभिमान होता.

तर मी नावं काढायला बसले. यादीत एक नाव आलं, सोनाली सिद्धनाथ गडदे.

बटण दाबलं की नाव जातं, आणि नावाबरोबर त्या मुलीने काय उघडलं, कधी उघडलं, याची सगळी नोंदही जाते. मी ते दाबलं नाही. नोंद छापून घेतली. ती तीन पानं पत्रासोबत आहेत, पण आधी पत्र वाच.

तेवीस सालच्या दिवाळीत मी आले होते तेव्हा तुझ्या काळ्या रानात उभी राहून मातीवर बोलले होते, आठवतं? मोबाइल सोनालीने धरला होता. मी हातात ढेकूळ घेऊन छान पुस्तकी बोलत होते, तेवढ्यात तुझी एक मेंढी मध्ये आली. पलीकडून तू ओरडलास, "अक्का, खालची माती ओली हाय का बघ की!" आणि मी सगळं विसरून म्हणाले, "व्हय, लई ओली हाय रं!" सोनाली इतकी हसली की मोबाइल हलला. तोच व्हिडिओ मी तिसऱ्या घटकात ठेवला होता. घटकाचं नाव मृदा. वर्गाला तो सगळ्यांत जास्त आवडला.

चोवीसच्या फेब्रुवारीत कॉलेज तपासायला समिती यायची होती. ती येण्याआधी मला त्या व्हिडिओची लाज वाटायला लागली. मेंढीची नव्हे. 'लई ओली हाय रं'ची. बाहेरचे प्राध्यापक बघतील आणि म्हणतील, ही बाई कुठल्या वस्तीवरून उठून आली. आमच्या संगणकाच्या जोतिराम सरांना विचारलं, तर त्यांनी सांगितलं, व्हिडिओच्या नावापुढे डोळ्याचं चित्र आहे, ते दाबा. डोळा मिटला की मुलांना तो भाग दिसत नाही. मी डोळा मिटला. त्याच्या जागी नवा व्हिडिओ ठेवला, त्यात मी इस्त्रीची साडी नेसून नकाशापुढे उभी आहे. समितीने कौतुक केलं. उत्कृष्ट अभ्यासक्रमाचं प्रमाणपत्र मिळालं. आमच्या बाहेरच्या खोलीत लावलेलं तू पाहिलंस आणि चहा घेता घेता दोनदा वाचलंस.

पण चौथ्या घटकाचं कुलूप जुन्या व्हिडिओलाच बांधलेलं राहिलं. ते माझ्या लक्षात आलं नाही. बाकीच्या मुलांनी जुना व्हिडिओ आधीच पाहिला होता, त्यांना चौथा घटक उघडत होता. मागे राहिली होती एकटी सोनाली, कारण तुमची ज्वारीची काढणी चालली होती आणि ती तीन आठवडे रानात होती. परत येऊन तिने नवा व्हिडिओ पाहिला, प्रश्न सोडवले. चौथा उघडेना. उघडणारच नव्हता. ज्या व्हिडिओने तो उघडायचा तो मी झाकून ठेवला होता. आणि तो तिनेच काढलेला होता, सिद्धा.

तिचा मेसेज आला, मॅडम, चौथा घटक उघडत नाही. मी लिहिलं, आधी तिसरा पूर्ण कर. तिने लिहिलं, केलाय मॅडम. मी लिहिलं, नीट कर. मग ती स्टाफरूमच्या दाराशी येऊन उभी राहिली. "आत्या, जरा बघतीस का?" मी चारचौघांत सांगितलं, "इथं मी आत्या नाही. काय असेल ते मेसेजवर." भाचीला सूट दिली असं कुणी म्हणू नये याचा मला भारी सोस. तिला माझ्याकडे राहायला ठेव म्हणालास तेव्हाही मी दोन खोल्यांचं कारण सांगितलं होतं. पोरगी रोज मंगळवेढ्याहून एसटीने येऊन-जाऊन करायची.

एकदा आपल्या हाताने तिचं पान उघडून बघायचं, दोन मिनिटांचं काम होतं. मी केलं नाही. माझ्या मांडणीत चूक असेल असं मला वाटलंच नाही. मुदत संपली आणि वीसपैकी शून्य तिच्या नावापुढे आपोआप पडलं.

मग तुझा फोन आला. तू म्हणालास, "अक्का, पोरगी म्हनती धडा उघडत न्हाय. पहाटं उठून मोबाइल घिऊन बांधावर जाती. कुनाशी बोलती काय म्हाईत न्हाय." मी म्हणाले, "साठ पोरांचा उघडतोय, हिचाच कसा उघडत न्हाय? खोटं बोलती ती. मोबाइलवर दुसरंच काय तरी चाललं असंल. मी अक्का म्हणून सांगती, ऐक माझं."

तू ऐकलंस. मी एसटीत बसून कॉलेजला जावं म्हणून तू सातवीतून शाळा सोडून मेंढरांमागे गेलास, तेव्हापासून तू माझं ऐकतच आलास. दुसऱ्या दिवशी तिचा मोबाइल गेला. आठवड्यात कॉलेज गेलं. मी इथं बसून म्हटलं, बापाचा निर्णय आहे, आपण मध्ये पडू नये.

आता नोंदीची पानं बघ. चौथा घटक तिने सत्तेचाळीस वेळा उघडायचा प्रयत्न केला आहे. पुढे वेळा लिहिल्या आहेत. पाच चाळीस, पाच बेचाळीस, पाच पन्नास. सगळ्या पहाटेच्या. तुमच्याकडे रेंज येते ती फक्त विहिरीजवळच्या बांधावर. ती कुणाशी बोलत नव्हती, सिद्धा. ती बांधावर उभी राहून माझा धडा उघडत होती.

इथंच पत्र संपवावं असं वाटलं. म्हणजे तुला वाटेल की अक्काला हे आत्ता कळलं, आणि कळल्याबरोबर तिने लिहिलं. काल रात्रीपर्यंत मी तसंच करणार होते.

मला हे यंदाच्या जानेवारीतच कळलं. नव्या वर्गासाठी तोच कोर्स उतरवून घेतला आणि कुणाचाच चौथा घटक उघडेना. जोतिराम सरांनी बघितलं आणि हसत म्हणाले, "मॅडम, तुमचा जुना व्हिडिओ झाकलेला आहे, कुलूप त्यालाच आहे." नवी मुलं दोन मिनिटांत मोकळी झाली. मी घरी आले, स्वयंपाक केला, कुणाला काही बोलले नाही. सोनालीचं लग्न सोळा फेब्रुवारीला होतं. सव्वा महिना हातात होता. त्या दिवसांत तुझे फोन आले, पत्रिकेत माझं नाव कुठं घालायचं ते तू विचारलंस, मीही सांगितलं. हे मात्र सांगितलं नाही. प्रमाणपत्र जाईल, लोक हसतील, तू काय म्हणशील. आणि जमलेलं लग्न आहे, पोरीचं बरंच होतंय, असं स्वतःला सांगत राहिले.

हळदीच्या दिवशी तिचे हात माझ्या हातात होते. तिने हळूच विचारलं, "आत्या, त्यो चौथा धडा नंतर कुनाचा अडला का गं?" मी म्हणाले, "आता काय करायचंय तुला त्याचं? हात हलवू नको." मला त्यानंतर त्या मांडवात जेवण गेलं नाही. तू मात्र अक्का जेवली नाही, अक्का जेवली नाही, म्हणत ताट घेऊन माझ्यामागे फिरत होतास.

काल मी प्राचार्यांना सगळं लेखी दिलं. त्यांनी वाचून कागद उलटा ठेवला. प्रमाणपत्राचं काय करायचं ते बघतील. गुण दुरुस्त होतील का ठाऊक नाही, पण तिला दुसऱ्या वर्षाला पुन्हा नाव घालता येतं. मुदत पंधरा जुलै. तिच्या सासरची केमची माणसं हो म्हणतील का, ते तुला जास्त कळेल. मला फारशी आशा नाही.

तुझ्याकडे एकच मागणं आहे. केमला जा. चार महिन्यांत तू लेकीच्या घरी एकदाही गेला नाहीस, तिचं नाव निघालं की उठून जनावरांकडे जातोस, असं मायाक्का सांगत होती. ही पानं तिच्या हातात दे, आणि ती खोटं बोलली नव्हती असं तुझ्या तोंडाने तिला सांग. तिच्या सासू-सासऱ्यांसमोर सांगितलंस तर फार बरं. मी तिला वेगळं लिहिलं आहे, पण मी सांगून तिचं काही भरून येणार नाही. तिला ते तुझ्याकडून ऐकायचं आहे, सव्वा वर्ष झालं.

तो जुना व्हिडिओ मी पुन्हा उघडा केला. शेवटी मोबाइल बंद व्हायच्या आधी तिचा आवाज येतो, "आत्या, परत काढायचा का?" आणि मी म्हणते, "न्हाय, चांगला झालाय की."

पुढच्या वर्षी ज्वारी पाठवली नाहीस तर मी विचारणार नाही.

तेव्हा फोनवर 'अक्का म्हणून सांगती' असं म्हणाले होते. त्याच नावाने हे पत्र लिहायला घेतलं. सही करताना ते नाव लिहायचा धीर होत नाही.

सोनालीच्या मॅडम,
वैजयंती